अनुभव नसताना नामिबियाच्या वाळवंटात हत्तींसाठी काम करायला सुट्टीत जाता येतं का?

हो, जाता येतं. अनुभव लागत नाही, पण आठवडाभर दगड-सिमेंट वाहायची तयारी लागते. नामिबियाच्या डमारालँड या भागात उगाब नदीच्या कोरड्या पात्राजवळ 'एलिफंट ह्यूमन रिलेशन्स एड' ही संस्था २ आठवड्यांचा कार्यक्रम चालवते. पहिल्या आठवड्यात शेतावरची पाणी उपसणारी पवनचक्की, टाकी आणि पाइप यांच्याभोवती दगडी भिंत बांधायची. मला हेच काम सगळ्यात मोलाचं वाटतं. तहानलेला हत्ती सोंडेने पाइप उखडतो, शेतकऱ्याच्या शेळ्यांचं पाणी वाहून जातं आणि राग हत्तीवर निघतो. एक भिंत हे भांडणच मिटवते. दुसऱ्या आठवड्यात गाडीतून कळपाचा माग काढायचा आणि कानाच्या फाटक्या कडांवरून एकेक हत्ती ओळखून नोंद करायची. हत्तीला हात लावायचा नाही. हात लावू देतो अशी जाहिरात कुठे दिसली तर तिथे जाऊच नका. जून ते ऑगस्टमध्ये रात्री कडाक्याची थंडी असते, जाड स्लीपिंग बॅग न्या. फक्त एक गोष्ट तिकीट काढण्याआधी करा: बिनपगारी कामासाठी पर्यटक व्हिसा चालेल का, हे नामिबियाच्या दिल्लीतल्या उच्चायुक्तालयाकडून लेखी घ्या.