बझर वाजत नाहीये? आधी हे बघ

अरे, रास्पबेरी पायला (त्या छोट्याशा कॉम्प्युटर बोर्डला) जोडलेला बझर वाजत नसेल, तर कोडमध्ये चूक शोधण्याआधी बझर कुठला आहे ते बघ. पेन्सिल सेलच्या जोडीला क्षणभर लाव. सलग वाजला तर ॲक्टिव्ह (वीज मिळताच स्वतः वाजणारा), नुसतं ‘टक्’ झालं तर पॅसिव्ह (ज्याला कोडमधून सूर द्यावा लागतो). पॅसिव्हला पायथॉनच्या ‘जीपीआयओ झिरो’ लायब्ररीतला साधा ‘बझर’ क्लास चालत नाही, ‘टोनलबझर’ वापर.

कोडमधला जीपीआयओ १७ (पिनचं कोडमधलं नाव) म्हणजे बोर्डवर मोजली तर ११ नंबरची पिन. या दोन आकड्यांत माझी अख्खी संध्याकाळ गेली होती.

आणि बझर थेट पिनला लावू नकोस, कळकळीने सांगतो. एका पिनमधून १६ मिलिअँपिअरच्या वर ओढायचं नाही, बरेच बझर ३० मागतात. मध्ये बीसी ५४७ ट्रान्झिस्टर टाक, पिन आणि त्याच्या ‘बेस’ टोकाच्या मध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर. वायरी जोडताना रास्पबेरी पाय बंदच ठेव.