वाचकांचे प्रश्न : दीपगृह, भरती आणि सूर्यास्तानंतरची पंचवीस मिनिटं

थंडीची सुट्टी जवळ आली की नाशिकमधून कोकणाबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी बरीच पत्रं दीपगृहांची आहेत, त्यातही रत्नागिरीच्या रत्नदुर्ग किल्ल्यावरच्या दीपगृहाची जास्त. त्यातली निवडक खाली दिली आहेत.

नाशिकरोडहून रेल्वेने जाणार आहोत. एकाच संध्याकाळी दीपगृह आतून पाहून बाहेरून फोटोही काढता येतील का?

येतील, पण क्रम तोच ठेवा : आधी आत, मग बाहेर. गाडीसाठी मंगला एक्स्प्रेस सोयीची. ती नाशिकरोडहून कल्याण-पनवेलमार्गे थेट रत्नागिरीला जाते, मध्ये बदलायची कटकट नाही. पावसाळ्यात मात्र कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेव्हा जुन्या वेळेवर विसंबू नका.

पाहुण्यांना आत सोडण्याचे तास बहुतेक दीपगृहांवर मोजकेच असतात, तेही दुपारनंतरचे. सूर्यास्ताला दिवा लावायचा असतो, त्यामुळे त्याआधी सगळ्यांना खाली उतरवतात. पोचल्या दिवशीच फाटकावर वेळ, सुट्टीचा वार आणि कॅमेऱ्याचं शुल्क विचारून घ्या. कॅमेऱ्याची पिशवी खालीच ठेवा आणि एक कॅमेरा गळ्यात घालून चढा. शेवटच्या टप्प्यात लोखंडी शिडी असली तर दोन्ही हात मोकळे हवेत.

दिव्याच्या खोलीत दिवसा पडदे ओढलेले दिसतील. ते बाजूला सारायला सांगू नका. ते भिंग दिव्याचा उजेड एकवटून समुद्रावर फेकायला बनवलेलं असतं. उलट दिशेने ऊन आत आलं तर तेच भिंग ते ऊन दिव्याच्या जागी एकवटतं, आणि तिथलं सामान जळू शकतं. भिंगाच्या लोलकांना बोटही लावू नका. तेलकट ठसा पुसायला तिथल्या माणसाला बराच वेळ घालवावा लागतो.

मनोऱ्यावरून समुद्राचे फोटो मिळतात, दीपगृहाचा नाही. त्यासाठी समोरच्या उंचवट्यावर जायला हवं. रत्नदुर्ग घोड्याच्या नालेसारखा पसरलेला आहे, तीन बाजूंनी समुद्र. भगवतीचं देऊळ असलेला बालेकिल्ला एका डोंगरावर आणि दीपगृह दुसऱ्यावर. उतरल्यावर तडक बालेकिल्ल्याकडे निघा. जागा ठरवताना होकायंत्र उघडून बघा : डिसेंबरअखेर सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. जूनमध्ये तेवढाच उत्तरेकडे. मे महिन्यात कुणी काढलेला फोटो पाहून जागा ठरवली, तर डिसेंबरात सूर्य चौकटीबाहेर सापडेल.

एफ ११, आयएसओ १००, ३० सेकंद. तरी दिव्याचे झोत येत नाहीत, वर नुसता पांढरा गोळा येतो. काय चुकतंय?

३० सेकंद चुकतायत. समजा भिंग २० सेकंदांत एक फेरी घेतं. मग एका सेकंदात झोत १८ अंश फिरतो, अर्ध्या सेकंदात ९. तीस सेकंदांत तो दीड फेरी मारून सगळ्या आकाशावर सारखा पुसला जातो. झोताची धार हवी असेल तर शटर अर्धा ते एक सेकंदच उघडं ठेवा आणि कमी पडलेला उजेड बाकी दोन ठिकाणांहून मिळवा : लेन्सचं छिद्र मोठं करून (एफचा आकडा लहान) आणि कॅमेऱ्याची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, वाढवून. सूर्यास्तानंतर साधारण २५ मिनिटांनी एफ २.८, आयएसओ ८००, १ सेकंद यापासून सुरुवात करा. कॅमेऱ्यासोबत आलेली एफ ४ वाली लेन्स असेल तर आयएसओ १६००. फोटो थोडा दाणेदार आला तरी चालेल, पुसला गेलेला झोत मात्र नंतर दुरुस्त होत नाही.

वेळ सर्वांत महत्त्वाची. कोकणात सूर्य जवळजवळ सरळ खाली जातो, त्यामुळे संधिप्रकाश आटोपशीर असतो. सूर्यास्तानंतर १५ मिनिटांपर्यंत आकाश इतकं उजळ की झोत दिसत नाही, अर्ध्या तासानंतर मनोरा काळ्यात काळा. मधल्या दहा-पंधरा मिनिटांतच निळं आकाश, पांढरा मनोरा आणि झोत एकत्र येतात. त्याच वेळी ट्रायपॉडचा स्क्रू शोधत बसू नये, म्हणून कॅमेरा सूर्यास्ताआधीच लावून ठेवा.

पांढऱ्या गोळ्याचं कारण वेगळं आहे. झोत थेट तुमच्या दिशेला असताना शटर उघडं होतं. तो अंगावरून गेला की मनात मोजा, आणि आडवा झाला की बटण दाबा. दहा प्रयत्नांत दोन जमतील.

आता एक गोष्ट आधी तपासा : भिंग फिरतंय का? बऱ्याच ठिकाणी आता एलईडी दिवे आहेत आणि ते जागच्या जागी उघडझाप करतात. मोबाईल झूम करून पाहा. उजेड एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूला सरकला तर भिंग फिरतंय. नुसता लागला-विझला तर फिरत नाही, आणि तिथे झोत मिळणारच नाही. अशा दिव्यासाठी एक पूर्ण आवर्तन मोजा, म्हणजे एका चमकेच्या सुरुवातीपासून तशाच पुढच्या चमकेच्या सुरुवातीपर्यंत. दहा आवर्तनांचा वेळ घेऊन दहाने भागा. शटर तेवढा वेळ उघडं ठेवलं की दर फोटोत दिवा पेटलेला मिळतो. प्रत्येक दीपगृहाची ही लय वेगळी असते, खलाशी त्यावरूनच किनारा ओळखतात. म्हणून एका ठिकाणची गणितं दुसरीकडे चालत नाहीत.

मोबाईलवर मनोरा मागे कललेला दिसतो.

फोन वर उचललात की कलणारच. फोन उभा आणि अगदी सरळ धरा, आणि मागे जा. साध्या १ एक्स कॅमेऱ्याने मनोऱ्याच्या उंचीच्या दीडपट अंतर लागतं, २ एक्सवर जवळजवळ तिप्पट. खाली रिकामी जमीन येईल, ती नंतर कापून टाका.

दीपगृहाच्या खालच्या खडकांवर उतरून लाटांसह फोटो काढायचा आहे. ट्रेकिंगचा सराव आहे.

ब्रह्मगिरी-अंजनेरीचा सराव इथे थोडा फसवतो. आपल्याकडचा काळा कातळ काठापर्यंत भक्कम असतो असा पायाला विश्वास बसलेला असतो. कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या पठारांवर, बहुतेक जांभा दगड. त्याचं वरचं कवच कडक, पण खालचा थर मऊ आणि मातकट. तो झिजून जातो आणि कवच अधांतरी राहतं. वरून ते कळत नाही. कड्यापासून दोन-तीन मीटर आत राहा, आणि भेगा दिसल्या तर त्यांच्याही आत. खाली उतरायचं तर हिरवट-काळ्या, ओल्या खडकावर पाय टाकायचा नाही. तिथवर पाणी रोज येतं हाच त्याचा अर्थ.

भरतीसाठी कोकणातला ठोकताळा : तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, दिवसाही आणि रात्रीही. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. नेमकी वेळ त्या बंदराच्या भरतीच्या तक्त्यावरून पक्की करा, पण नियोजनाला हे गणित पुरतं.

आता यातली मेख. पौर्णिमेला संध्याकाळी साडेपाचला ओहोटी, म्हणजे सूर्यास्ताला खडक खूप लांबपर्यंत उघडे. लोक खुशाल पुढे जातात. पण उधाणाची, म्हणजे सर्वांत मोठी, भरती त्याच वेळी सुरू झालेली असते, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी सर्वांत वेगाने चढतं, तेही अंधारात. त्या दिवशी झोताचा फोटो वरूनच काढा. अष्टमीला भांगाची भरती, पाणी कमी चढतं, पण सूर्यास्तालाच ते पूर्ण आलेलं असतं, खडक मिळत नाहीत. द्वादशी-त्रयोदशीला दुपारी तीन-चारच्या सुमारास ओहोटी असते. तेव्हा उतरा, दीड तासात वर या. उतरल्यावर आधी दहा मिनिटं नुसतं बघत बसा. मोठ्या लाटा अधूनमधून येतात, आणि सगळ्यात वर पोचलेली लाट जिथे ओल सोडते त्याच्या बरंच वर ट्रायपॉड लावा.

ट्रायपॉडला पिशवी लटकवताना ती जमिनीला टेकलेली ठेवा. वाऱ्यात झुलणारी पिशवी ट्रायपॉड स्थिर करण्याऐवजी हलवते.

परत आल्यावर लेन्सवर पांढरट डाग दिसले. पुसले तर ओरखडे पडले.

ते वाळलेलं मीठ होतं. आधी हवा मारायचा रबरी फुगा (ब्लोअर), मग गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मायक्रोफायबर कापडाने टिपणं, शेवटी कोरडं कापड. कोरडं कापड आधी लावलं की मिठाचे कण काचेवर घासले जातात. एरवी यूव्ही फिल्टरचा (लेन्सपुढच्या संरक्षक काचेचा) आग्रह आम्ही धरत नाही, इथे धरतो. ट्रायपॉडचे पाय त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवा. एसी खोलीतून बाहेर पडताना पिशवीची चेन अर्धा तास बंदच ठेवा, नाहीतर लेन्सवर बाष्प धरतं आणि ती पंचवीस मिनिटं पुसण्यात जातात.

ड्रोन नेला तर?

देवळालीची लष्करी छावणी आणि ओझरचा विमानतळ यांच्या आसपास जी काळजी घेता तीच तिथेही घ्या. रत्नागिरीत तटरक्षक दलाचा विमानतळ आहे, बंदरं आहेत. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तो भाग आधी पाहा, आणि जागेवर दीपगृहाच्या कर्मचाऱ्यांना विचारल्याशिवाय ड्रोन पिशवीतून काढू नका.

जूनमध्ये खवळलेला समुद्र मिळेल म्हणून तेव्हा जावं का?

लाटा मिळतील, होड्या मिळणार नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या होड्या धक्क्यालाच. आणि सूर्यास्त ढगांत. फोटोत होडी हवी असेल तर डिसेंबरच धरा.