पिशवी लावून लग्नाला जावं का?

प्रश्न : आतड्याच्या ऑपरेशननंतर यजमानांच्या पोटावर कोलोस्टोमीची (शौच पोटावरच्या छिद्रातून जमा होण्याची) पिशवी आहे. वास येईल म्हणून ते भाचीच्या लग्नालाही नको म्हणतात. काय करावं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, मीही पिशवीवालाच. पिशवी नीट बसली असेल तर वास येत नाही. येतो तो रिकामी करताना, नाहीतर कडेनं गळत असेल तर. म्हणून पिशवीच्या चिकट चकतीचं भोक स्टोमापेक्षा (पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडापेक्षा) जेमतेम २-३ मिलिमीटर मोठं कापा, कातडी कोरडी करा आणि चिकटवल्यावर तळहातानं दाबून धरा. उबेनं ती घट्ट बसते. बदलायची ती सकाळी, चहाआधी. एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. स्टोमाला हात लागला तरी दुखत नाही, हेही सांगा त्यांना.

पँटचा पट्टा नेमका तिथेच काचतो. मी सरळ झब्बा-लेंगा घालतो. पीएमपी बसच्या गर्दीत कुणाचं तरी कोपर बसतंच, तेव्हा त्या दिवशी रिक्षा करा. जादा संच शबनममध्ये (पिशवीत पिशवी!). पंगतीत कोबी आणि सोडा नको, मठ्ठा चालेल.

राहता राहिला स्टोमातून वायू सरतानाचा आवाज. तो मात्र आपल्या हातात नाही, कधीही होतो. पण कार्यालयात सनई आणि पुणेरी गप्पा चालू असताना ऐकणार कोण?