वाचकांचे प्रश्न : कवितेखालचं नाव आणि करारावरची सही

या वेळची बरीच पत्रं कॉपीराइटबद्दलची आहेत. उत्तरं भारताचा कॉपीराइट कायदा, १९५७ आणि २०१३ चे नियम यांना धरून आहेत.

प्रश्न : फेसबुकवर टाकलेली माझी कविता एका पेजने माझं नाव काढून, दोन कडवी गाळून छापली आहे. मी नोंदणी केलेली नाही. हक्क सांगता येईल का? लिखाण स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाठवून पाकीट न फोडता ठेवावं, असं कुणी सुचवलं. ते बरोबर आहे का?

उत्तर : हक्क सांगता येईल. कविता लिहून झाली तेव्हाच ती तुमची झाली. त्यासाठी नोंदणीची अट नाही. पाकिटाच्या युक्तीला मात्र कायद्यात स्थान नाही. न चिकटवलेलं रिकामं पाकीटही पोस्टातून जातं, त्यामुळे त्यातला कागद त्याच तारखेचा आहे हे सिद्ध होत नाही. कच्चे खर्डे, कुणाला पाठवलेली ईमेल आणि मुख्य म्हणजे तुमची मूळ पोस्ट हे त्याहून कितीतरी चांगले पुरावे आहेत. रागाच्या भरात मूळ पोस्ट काढून टाकू नका. ही चूक फार जण करतात.

इथे दोन तक्रारी आहेत. एक, विनापरवाना नक्कल. दुसरी, नाव काढणं. शिवाय काटछाटीने तुमच्या प्रतिष्ठेला बाध येत असेल तर तीही. दुसरी तक्रार कलम ५७ खाली येते. हा हक्क लेखकाचा खास हक्क आहे आणि कविता विकून टाकली तरी तो उरतो. पेजचा पत्ता आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. तो न्यायालयात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून तो कोणत्या फोनवर आणि कधी घेतला हे लिहून ठेवा. मग पेज चालवणाऱ्याला लेखी कळवा. तो ऐकत नसेल तर नियम ७५ प्रमाणे फेसबुककडे लेखी तक्रार करा. त्यात कवितेचं वर्णन, ती तुमची असल्याचा पुरावा, नक्कल असलेल्या पानाचा नेमका पत्ता आणि दावा दाखल करण्याची हमी हवी. अशा तक्रारीनंतर ३६ तासांत मजकूर रोखायचा असतो. पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश दाखवला नाही, तर तो पुन्हा खुला होऊ शकतो. वकिलाशी बोलणं त्याआधीच झालेलं बरं. दावा तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयातही लावता येतो. पेजवाल्याच्या गावी जावं लागत नाही.

प्रश्न : २०१८ मध्ये एका नाट्यसंस्थेला एकांकिका दिली. "या एकांकिकेचे सर्व हक्क संस्थेस देत आहे" एवढ्या एका ओळीखाली सही केली. संस्थेने एकही प्रयोग केला नाही. आता दुसरा संघ संहिता मागतो आहे, पण संस्था नाही म्हणते.

उत्तर : तुम्ही संस्थेला सही करून दिलेल्या पत्रात जे लिहिलेलं नाही, तेच तुमच्या कामी येणार आहे. हक्क हस्तांतर लेखी आणि सही केलेलं हवं. त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि किती मोबदला हे हवं, असं कलम १९ सांगतं. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणजे २०२३ मध्येच तुमचे हक्क परत आले. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे : हक्क घेणाऱ्याने १ वर्षात ते वापरले नाहीत, तर हस्तांतर संपतं, मात्र करारात वेगळं ठरलेलं नसेल तरच. संस्थेला त्या पत्राची तारीख, मुदत कधी संपली आणि एकही प्रयोग झाला नाही, हे स्पीड पोस्टाने कळवा. पोचपावती हाती आली की दुसऱ्या संघाला लेखी परवानगी द्या.

पत्रात "कायमस्वरूपी" हा एक शब्द असता, तर ५ वर्षांचा आधार गेला असता. म्हणून नव्या परवानगीत "सर्व हक्क" लिहूच नका. "मराठी रंगमंचीय प्रयोग, महाराष्ट्रापुरते, २ वर्षं, दर प्रयोगाला अमुक मानधन" एवढं नेमकं लिहा. पुस्तक, अनुवाद, चित्रपट, ऑडिओबुक हे वेगवेगळे हक्क आहेत आणि ते वेगवेगळे देता येतात. दिवाळी अंकांना लिहिणाऱ्यांनीही सावध राहावं. अंकात नोकरी नसलेल्या लेखकाने नुसतं मानधन घेतल्याने कथेची मालकी जात नाही. पण व्हाउचरवर बारीक अक्षरात हक्क देऊन टाकल्याचं वाक्य असेल, तर खालची सही तुमचीच असते. ते वाक्य खोडा, शेजारी सही करा आणि फोटो काढून ठेवा.

प्रश्न : गीत माझं, चाल मित्राची. नोंदणी कशी करायची?

उत्तर : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण ही तीन वेगळी कामं आहेत. शब्दांना ५०० रुपये, चालीला ५०० आणि ध्वनिमुद्रणाला २,००० रुपये शुल्क पडतं. कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फॉर्म १४ भरला की डायरी क्रमांक मिळतो. त्यानंतर आक्षेपांसाठी ३० दिवस थांबतात, मग तपासणी होते. अर्ज अडकतो तो बहुधा ना-हरकत पत्राअभावी. तुम्ही चालीचाही अर्ज करणार असाल तर मित्राचं पत्र लागेल. दुसरा घोळ "अप्रकाशित" या शब्दाचा. गाणं यूट्यूबवर टाकलं असेल तर ते कायद्याने प्रकाशित झालं आहे. ती तारीख लिहा. प्रमाणपत्र मिळालं तरी तो प्रथमदर्शनी पुरावा असतो. समोरचा तो खोडून काढू शकतो.

प्रश्न : १९६८ मध्ये वारलेल्या बंगाली लेखकाची कादंबरी मराठीत आणायची आहे. हिंदी अनुवादावरून केली तर चालेल का?

उत्तर : लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. म्हणजे हक्क ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत आहे, मृत्यू जानेवारीतला असो की डिसेंबरातला. तोपर्यंत वारसांची परवानगी हवी. मूळ प्रकाशकाकडे अनुवादाचे हक्क असतीलच असं नाही, करार पाहायला मागा. कादंबरी मृत्यूनंतर पहिल्यांदा छापली असेल तर ६० वर्षं प्रकाशनापासून धरावी लागतील. हिंदी अनुवादाचा हक्क स्वतंत्र असतो. त्यावरून काम करायचं तर त्या हक्कधारकालाही विचारा. शक्यतो मूळ बंगालीवरूनच करा.

प्रश्न : मी सांगितलेल्या कल्पनेवर एकाने लघुपट केला. दावा करू का?

उत्तर : नुसत्या कल्पनेवर नको. कल्पना, विषय, कथासूत्र यांना कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलं. तुमची लिहिलेली पटकथा त्याच्या हाती गेली होती का, हे आधी पाहा. गेली असेल तर एका रकान्यात तुमचे प्रसंग आणि संवाद, दुसऱ्यात लघुपटातले, असा तक्ता करा आणि तो घेऊन वकिलाकडे जा.