अमेरिकेहून परतल्यावर रात्रीचा दिवस होतो तेव्हा

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी ६३ वर्षांची, सांगलीत राहते. लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेले होते, जूनमध्ये परतले. आल्यापासून रात्री दीडला टक्क जाग येते, पहाटे चारला कडकडून भूक लागते आणि दुपारी एक वाजला की जेवता जेवता डोळे मिटतात. पोटही साफ होत नाही. घरचे म्हणतात, ‘आता आली आहेस ना घरी, अजून किती झोपशील?’ शेजारच्या काकूंनी त्यांच्या झोपेच्या गोळ्या दिल्या आहेत, त्या घेऊ का? मला मधुमेह आहे, रात्री इन्सुलिन घेते. दिवाळीनंतर पुन्हा जायचं आहे.

उत्तर : ताई, आधी त्या गोळ्या काकूंना परत करा. साठीनंतर अशी गोळी घेऊन रात्री लघवीला उठताना तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं. असे पेशंट मी पाहते, म्हणून इतकं ठासून सांगते आहे.

आणि घरच्यांना हे वाचून दाखवा : हा आळस नाही. न्यू जर्सीचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. सांगलीत दुपारचा दीड वाजतो तेव्हा तिथे पहाटेचे चार. त्या वेळी शरीराचं तापमान सर्वांत खाली उतरलेलं असतं आणि झोप सर्वांत अनावर असते. तुमचं शरीर अजून तिथलीच पहाट जगत आहे. तुमच्या पहाटे चारला तिथे संध्याकाळचे साडेसहा, म्हणजे लेकीकडची जेवायची वेळ! मेंदूत मुख्य घड्याळ आहेच, पण यकृत, आतडी यांच्या पेशींनाही आपापलं घड्याळ असतं. या घड्याळामागची जनुकं कशी चालतात हे फळमाश्यांवर शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. ही सगळी घड्याळं एकदम सरकत नाहीत, म्हणून पोट रुसतं.

ती सरकवायचं खरं औषध म्हणजे उजेड, पण तो वेळ बघून घ्यायचा. ‘सकाळी उठून कोवळ्या उन्हात बस’ असं सगळे सांगतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आल्यावर पहिले दोन-तीन दिवस नेमकं तेच टाळावं. तापमानाच्या त्या तळाआधी डोळ्यांवर पडलेला लख्ख उजेड घड्याळ आणखी मागे ढकलतो, तळानंतरचा पुढे आणतो. तुमचा तळ दुपारी दीडला आहे. म्हणून सकाळी पडदे ओढून घरातच कामं करा, बाहेर जावंच लागलं तर गॉगल लावा. दुपारी दोननंतर मात्र घरात बसू नका. गच्चीवर जा, कृष्णेच्या घाटापर्यंत चालून या. जूनमध्ये आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड ट्यूबलाइटच्या कित्येक पट असतो. मग रोज तासभर अलीकडे या. साधारण आठवड्यात सकाळच्या उन्हापर्यंत पोहोचाल.

दुपारची झोप अर्धा तास, गजर लावून. रात्री दीडला जाग आली तर दिवा मंद ठेवा आणि मोबाइलवर नातवाचे व्हिडिओ बघत बसू नका. मोह होतो, मला कळतं. जेवणं पहिल्या दिवसापासून इथल्या वेळेला घ्या, पाणी भरपूर प्या. मेलाटोनिनची (रात्र झाली ही खूण शरीराला देणाऱ्या संप्रेरकाची) गोळी काहींना उपयोगी पडते, पण मधुमेह किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

दिवाळीनंतर जाताना सोपं जाईल. बहुतेकांचं शरीराचं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित मोठं असतं, त्यामुळे दिवस लांबवणं त्याला कमी जड जातं. तिथे पोहोचल्यावर दुपारी उन्हात फिरा; नोव्हेंबर सरताना पाचच्या आतच अंधार पडतो. मग नेटाने नऊपर्यंत जागं राहा.

इन्सुलिनचं मात्र अंदाजाने करू नका. तेव्हा वेळेचा फरक साडेदहा तासांचा असेल. जाताना दिवस लांबतो, येताना आखडतो, त्यामुळे रात्रीचा डोस कधी आणि किती हे तिकिटावरच्या वेळा दाखवून तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. इन्सुलिन आणि ग्लुकोमीटर हातातल्या बॅगेत ठेवा. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकतं. आणि प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, किंवा दम लागला, तर ती प्रवासाची दगदग समजून घरी थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.