कार्यालयाचं मागचं दार

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं ऑफिस आहे. दोन खोल्या, वर टिनाचं छप्पर. आम्ही चौघं आणि झाडपूस करायला, पाणी भरायला एक मावशी. सभासद तीनशेच्या आसपास. यंदा संचालक मंडळानं ठरवलं, की आपलं ऑफिस निसर्गाला आणि माणसाला जपणारं असावं. त्यासाठी पन्नास हजार रुपये बाजूला काढलेत. एक संचालक म्हणतात सोलर बसवा, दुसरे म्हणतात कागद बंद करा, तिसऱ्यांना दारात कुंड्या हव्यात. उन्हाळ्यासाठी एसीचीही मागणी आहे. सुरुवात कुठून करू?
— एक व्यवस्थापक, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, एक रुपयाही खर्च करायच्या आधी एका संध्याकाळी मावशींच्या मागोमाग मागच्या दारानं बाहेर जा. केर कुठे टाकतात, पेटवतात का, पाणी कुठून आणतात, दुपारी डबा कुठे बसून खातात, हे स्वतः बघा. काय करायचं ते तिथंच कळेल.

वर्धा जिल्ह्यात बचत गटांच्या संघाचं ऑफिस मी बावीस वर्षं सांभाळलं. पहिली सात वर्षं आमचा केर मागच्या बाभळीखाली रोज जळत होता आणि मी तिकडे कधी फिरकले नव्हते. समोरची खोली स्वच्छ दिसायची, तेवढ्यावर माझं समाधान. एका मे महिन्यात मावशींचा नातू त्या राखेशी खेळताना दिसला. हातात प्रिंटरचं फेकलेलं टोनर, आणि हात, गाल, ओठ काळे. त्याला धुऊन काढलं, डॉक्टरांना दाखवलं, पोर सुखरूप राहिलं. मी मावशींवर ओरडले. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, तुमी फेक म्हनलं, म्या फेकलं. कुठी फेकाचं थे नाही सांगतलं तुमी." मला उत्तर देता आलं नाही. चूक माझी होती. ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक पैशाची मी नोंद ठेवत होते, बाहेर जाणाऱ्या घाणीची एकही नोंद माझ्याकडे नव्हती.

उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर 2016 मध्येच बंदी घातली, साध्या जाळण्यालाही पाच हजारांचा दंड आहे. पण दंडापेक्षा तो धूर कोणाच्या छातीत जातो ते महत्त्वाचं. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो नुसता कागद समजून जाळू नका. खरं तर आणूच नका. स्टीलचे पेले घ्या, आणि ज्यानं चहा प्यायला त्यानं पेला विसळायचा, साहेबांनीसुद्धा. नाहीतर पर्यावरणाचं नाव होतं आणि मावशींच्या माथी रोजची चाळीस भांडी येतात. आमच्याकडे पहिल्या महिन्यात नेमकं हेच झालं होतं.

चहाचा चोथा आणि डब्यातलं उरलंसुरलं मागच्या खड्ड्यात टाका, वर पालापाचोळा. कागद एका पोत्यात साठवा, कबाडीवाल्याला द्या आणि रद्दीचे पैसे मावशींना द्या. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्या मात्र त्या पोत्यात नकोत. त्यांच्यावर रसायनाचा लेप असतो, त्यानं सगळी रद्दी खराब होते. टोनर, सेल, तुटक्या वायरी, गेलेले बल्ब यांसाठी झाकणाचा वेगळा डबा करा, तो कुलपात ठेवा आणि किल्ली तुमच्याकडे ठेवा.

आता एसी. दीड टनाचा एसी चालू असताना दीड हजार वॅटच्या आसपास वीज ओढतो, कूलर दोनशेच्या. आपल्या कोरड्या उन्हात कूलर कामही चोख करतो, म्हणून कूलरच घ्या. पण मोठा कूलर भर दुपारी तासाला दहा-बारा लिटर पाणी सहज पितो. म्हणजे दिवसाला पाच-सहा बादल्या, आणि त्या हापशीवरून कोण आणतं? विजेची बचत मावशींच्या खांद्यावरून करू नका. टाकीपासून कूलरपर्यंत नळी टाका, कूलरला तरंगत्या गोळ्याचा व्हॉल्व्ह बसवा. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारं आरसीसीबी बसवा. कूलरचा करंट लागून आपल्या भागात दर उन्हाळ्यात जीव जातात. पन्नास हजारांतला पहिला खर्च मी इथं करेन.

त्यानंतर छप्पर. वर्ध्याला आलात तर सेवाग्रामची बापूकुटी पाहा. गांधीजी 1936 साली या गावात राहायला आले. कुटीच्या मातीच्या भिंती, कवेलूंचं छप्पर आणि रुंद पडवी. मे महिन्यात तिथं क्षणभर टेका, मग तुमच्या टिनाखाली काय होतं ते ध्यानात येईल. कुटी तुम्ही बांधू शकत नाही, पण टिनावर चुन्याचा पांढरा हात देता येतो, आतून बांबूच्या तट्ट्यांचं छत लावता येतं, पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा टांगता येतो. तट्टे गावातल्या बुरुड कारागिराकडून घ्या आणि भावात घासाघीस करू नका. मे महिन्यात ऑफिस सकाळी सात ते बारा ठेवा, उरलेलं काम संध्याकाळी. याला खर्च नाही.

पंखे बदलायचे झाले तर बीएलडीसीचे, म्हणजे कमी वीज ओढणाऱ्या मोटरचे, घ्या. साधा पंखा पंचाहत्तर वॅटचा, हा तीसच्या आसपास. रोज आठ तास, महिन्याला पंचवीस दिवस धरले तर एका पंख्यामागे नऊ युनिट वाचतात, चार पंख्यांमागे छत्तीस. सोलर यानंतर. आधी गरज कमी करा, मग जेवढी उरेल तेवढंच पॅनल पुरे होतं. एका किलोवॅटला शंभरेक चौरस फूट जागा लागते, ते वजन छप्पर पेलेल का तेही तपासा.

कागदाबद्दल माझं मत वेगळं आहे, संचालकांना राग आला तरी सांगते. पाचशे पानांची रीम सव्वादोन-अडीच किलोची. ती जरूर वाचवा, दोन्ही बाजूंनी छापा, पाठकोऱ्या कागदावर हिशेब करा. पण तुमचा सभासद बारा किलोमीटरवरून मोटरसायकलनं येतो आणि तुम्ही म्हणता, "सातबारा नाही आणला? उद्या या." ही चोवीस किलोमीटरची एक फेरी फुकट गेली, अर्धा लिटर पेट्रोल जळलं. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे सव्वादोन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तीनशे सभासदांची वर्षात एकेक फेरी अशी वाया गेली तर दीडशे लिटर पेट्रोल गेलं. आणि ऐन वखरणीच्या दिवसांत कास्तकाराचा दिवस गेला, तो कुठल्याच मीटरवर दिसत नाही. म्हणून कोणत्या कामाला कोणती कागदं लागतात ते दाराबाहेर मोठ्या अक्षरांत लिहा. येण्याआधी फोन करायला सांगा, आणि तो फोन कोणीतरी उचला. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणून परत फिरवू नका. बियाणं वाटपाच्या दिवशी तुम्हीच रजिस्टर घेऊन गावात जा. कागद पूर्ण बंद करणं मला मान्य नाही. म्हाताऱ्या कास्तकाराला हातात पावती लागते आणि तो त्याचा हक्क आहे.

आणि मावशी. त्यांचा पगार ठरल्या तारखेला, तुमच्यासोबतच, खात्यात जमा व्हावा. आठवड्याची सुटी भरपगारी. पेरणी-वेचणीला रजा मागितली तर कुरकुर नको. संडासाची किल्ली त्यांच्याहीकडे असू द्या. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता वीस रुपये आहे, अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण. पाच जणांचे शंभर रुपये कंपनीनं भरावेत. कुंड्या लावा, माझी हरकत नाही, पण त्यांना पाणी घालायची पाळी सगळ्यांत वाटून घ्या.

प्रश्न : आमच्या सेवा केंद्रात इन्व्हर्टरची गेलेली बॅटरी आणि दोन जुने संगणक पडून आहेत. भंगारवाला जास्त पैसे देतोय. देऊ का?
— एक केंद्रचालक, जि. वाशीम

उत्तर : देऊ नका. बॅटरीत शिसं आणि गंधकाचं आम्ल असतं. उघड्यावर फोडली की आम्ल नालीत जातं, शिसं मातीत बसतं आणि तिथं खेळणाऱ्या लेकरांच्या पोटात उतरतं. 2022 च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांची आहे. नवी घेताना जुनी दुकानात द्या, किमतीतून वजावट मिळते आणि बिलावर ती लिहून घ्या. संगणक दुरुस्त होत असेल तर गावातल्या वाचनालयाला द्या, आधी आतली लोकांची आधार-पॅनची माहिती पूर्ण पुसून टाका. दुरुस्त होत नसेल तर नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच. एकट्यासाठी गाडी परवडत नाही, म्हणून तालुक्यातल्या पाच-सहा केंद्रांनी मिळून माल गोळा करा.

प्रश्न : ताई, आमच्या ऑफिसात सहा जण आहेत, मी एकटी बाई. वरिष्ठांचं बोलणं-वागणं बरोबर नाही. विचारलं तर म्हणतात, दहापेक्षा कमी माणसं आहेत, इथं समिती लागत नाही. मग मी जाऊ कुठे?
— नाव नको

उत्तर : बाळा, ते तुला अर्धंच सांगतात. लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी ऑफिसातली अंतर्गत समिती दहा किंवा अधिक माणसांच्या ठिकाणी सक्तीची आहे, हे खरं. पण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा तुलाही लागू आहे. लहान ऑफिसांतल्या बायकांसाठी, आणि तक्रार मालकाविरुद्धच असेल तेव्हाही, जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तालुक्याला त्यासाठी समन्वय अधिकारी नेमायचा असतो आणि त्यानं तुझी तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार दे. लिहिणं जमत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं त्यांना बंधनकारक आहे. आजच एका वहीत तारीख, वेळ आणि जसेच्या तसे शब्द लिहायला लाग, मेसेज पुसू नकोस. ती वही ऑफिसात ठेवू नकोस. समितीचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे मिळेल. जाताना आई, बहीण, मैत्रीण, कोणाला तरी सोबत ने.