मधे रिकामे सेल असले की रेंज अर्धवट का सिलेक्ट होते

एक्सेलमधे मॅक्रोने (कामं आपोआप करणारा छोटा कोड) यादी सिलेक्ट केली की मधल्या रिकाम्या सेलच्या खालचा भाग सुटतो, असं तुम्ही विचारलंत. तुमचा मॅक्रो बिघडलेला नाहीये, एंड एक्सएल-डाउन (End(xlDown), म्हणजे सलग भरलेल्या सेलच्या टोकापर्यंत खाली जायची कमांड) असंच चालतं. ए१ वर उभं राहून कंट्रोल आणि खालचा बाण दाबून बघा, पहिला रिकामा सेल आला की त्याच्या आधीच थांबेल, मॅक्रो पण नेमकं तेच करतो. म्हणजे बाराव्या ओळीत एक नाव टाकायचं राहिलं की खालची सगळी यादी सुटते आणि एररही येत नाही, हे जास्त वाईट.

तर वरून खाली जाऊच नका, खालून वर या. शीटच्या शेवटच्या ओळीपासून एंड एक्सएल-अप (End(xlUp), तशीच पण वर जाणारी कमांड) केलं की मधली भोकं कितीही असू देत, शेवटचा भरलेला सेल सापडतो. शेवटची ओळ हाताने टाइप करू नका, रोज-डॉट-काउंट (Rows.Count, म्हणजे शीटमधल्या एकूण ओळी) लिहा, कारण एक्सेल २००७ पासून १०,४८,५७६ ओळी असतात पण जुन्या एक्सएलएस फाइलमधे ६५,५३६च.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:

- शेवटची ओळ शोधायला शेऱ्याचा कॉलम घेतात. बिल नंबर, तारीख असा कायम भरलेला कॉलम घ्या.
- करंट-रीजनवर (CurrentRegion, म्हणजे सेलभोवतीचा भरलेला पट्टा) विसंबतात. एखादा सेल रिकामा असेल तर चालतं, अख्खी ओळ रिकामी आली की तिथेच संपतं.
- प्रत्येक गोष्ट आधी सिलेक्ट करतात. रंग द्यायचा, कॉपी करायचं, तर थेट रेंजवरच करा, मॅक्रो वेगाने पळतो.

युनियन (वेगवेगळ्या रेंज जोडणं), स्पेशल-सेल्स (ठरावीक प्रकारचेच सेल निवडणं) वगैरे नंतर बघू. आत्ता शेवटच्या ओळीचा नंबर मेसेज बॉक्समधे दाखवून बघा, बरोबर आला की पुढचा कोड लिहा, नक्की जमेल.